कुंकू उचललेल्या पायाला

मित्रांनो, ही गोष्ट बसून ऐकायची नाही. उभे राहा. भिंतीला टेकू नका, टेबलाचा कोपरा धरू नका, नुसते उभे राहा. आता सांगा, तुम्ही काय करत आहात? "काहीच नाही," असंच म्हणाल. सगळे असंच म्हणतात आणि तेच ऐकून माझं डोकं फिरतं. मला डोकं नाही हे खरं आहे, पण राग यायला डोकं लागतंच असं नाही.

मी एक पोटरी आहे. डाव्या पायाची. गुडघ्याच्या खाली, मागच्या बाजूला, जिथे माणसाची स्वतःची नजर सहसा पोहोचत नाही, तिथे माझा मुक्काम. माझ्या मालकीणबाईंचं नाव देवकाबाई. वर्धा जिल्ह्यात हिंगणीच्या अलीकडे, बोर धरणाच्या कालव्यावर त्यांची भाजीची वाडी आहे. वांगी, भेंडी, दोडके, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, जे पिकेल ते सेलूच्या बाजारात जातं. आता सन पंच्याऐंशी चालू आहे आणि मी बरीच जुनी झाले आहे. पण जे सांगायचं आहे ते अजून घशाशी आलेलं आहे. घसाही मला नाही, पण ते जाऊ द्या.

सुरुवात जन्मापासून करावी लागेल, कारण सगळा घोळ तिथेच झाला. देवकाबाई जन्मल्या त्या पायाकडून. आधी पाय बाहेर आले, मग बाकीची बाई. अशा माणसाला आपल्याकडे पायाळू म्हणतात. पायाळू माणसानं उसण भरलेल्या कंबरेला पाय लावला की उसण उतरते, अशी लोकांची पक्की समजूत आहे. सुईणीनं सगळ्यांना सांगितलं की उजवं पाऊल आधी दिसलं. झालं! त्या क्षणापासून उजव्या पावलाचं नशीब फळफळलं. डावं त्याच्या मागोमागच येत होतं, आम्ही पोटऱ्याही मागे होतोच, पण सुईणीला काय, तिला जे पहिलं दिसलं ते तिनं सांगितलं.

लहानपणी देवकाबाई बंडीचं चाक धरून उभ्या राहायला शिकल्या. चाक सोडायच्या आणि धपकन बसायच्या. त्या दिवसांत माझी आणि त्यांची खरी मेहनत चालली होती. हळूहळू मला काम समजलं. काम काय आहे ते ऐका, कारण शाळेत हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नसणार.

माणूस सरळ उभा असतो तेव्हा त्याच्या अंगाचा भार घोट्याच्या किंचित पुढे पडतो. म्हणजे उभा माणूस सारखा पुढे कलत असतो. कुणी आवरलं नाही तर नाकावर आपटेल. आवरते कोण? मी. टाचेच्या मागे एक जाड शीर आहे ना, बोटांत धरता येते ती? तो माझा दोर. तो मी मागून ओढते आणि पुढे निघालेलं अंग परत जागेवर आणते. पण फार ओढलं तर माणूस मागे कलंडेल, म्हणून लगेच सैल सोडते. ओढते, सोडते. बैलांचा कासरा धरणारा जसा कधी हात ताणतो आणि कधी ढिला देतो, तसं माझं दिवसभर चालतं. माझे दोन पदर आहेत. वरचा फुगीर, तो पळताना आणि उडी मारताना मिरवतो. खालचा चपटा, झाकलेला. उभं राहण्याचं हे रटाळ काम बहुतेक त्याच्याच गळ्यात असतं.

आणखी एक. आता डोळे मिटा. मिटलेत? तरी तुम्हाला कळतं ना, आपण पुढे झुकलो की मागे? कानाच्या आत एक यंत्रणा आहे, ती काही सांगते. पण मी किती ताणले गेले, किती सैल झाले, हा निरोपही वर डोक्याकडे सतत जात असतो. डोकं त्यावर हुकूम सोडतं आणि गावभर सांगतं की तोल मी सांभाळला. उघडा डोळे.

देवकाबाईंची वाडी ओलिताची. बाऱ्यात, म्हणजे वाफ्यांत, पाणी सोडलं की चिखलात उभं राहून पाणी फिरवायचं. चिखलात पाय सरकतो, तिथे मला दुप्पट काम. डोक्यावर वांग्यांची टोपली घेऊन त्या बांधावरून चालायच्या, तर लोक म्हणायचे, "काय मान हाय बाईची!" मान! मित्रांनो, मान वर बसून होती. बांधावर एकेक पाऊल टाकताना खाली कोण झिजत होतं ते कुणी बघितलं नाही. पण मानेचं कौतुक मी एक वेळ सोडून देईन. उजव्या पावलाचं कौतुक मला सोडून देता येत नाही.

त्यांचं लग्न होऊन त्या या गावात आल्या आणि पायाळू सून आली ही बातमी पसरली. मग काय, पेरणीच्या दिवसांत, वखरणीच्या दिवसांत, कापसाची गाठोडी उचलण्याच्या दिवसांत अंगणात कोणी ना कोणी कण्हत हजर. कंबर धरून, वाकडा होऊन, "देवकाबाई, पाय लावून दे न माय." पाय लावायची एक रीत होती. रोग्यानं अंगणात पालथं पडायचं. देवकाबाईंनी उगवतीकडे तोंड करून, मुकाट्यानं, उजवा पाय उचलून टाच त्याच्या कंबरेला तीनदा लावायची. लावायची म्हणजे नुसती टेकवायची. भार द्यायचा नाही, नाहीतर तुडवल्यासारखं होईल. आणि मुख्य म्हणजे कशाचाही आधार घ्यायचा नाही. भिंतीला किंवा कुणाच्या खांद्याला हात लावला तर गुण पडत नाही, असं म्हणत.

आता हिशेब तुम्हीच करा. उजवा पाय हवेत. आधार कशाचाच नाही. अख्खी बाई कुणावर उभी? माझ्यावर! दोन पायांवर उभं राहणं वेगळं. एका पायावर अंग पुढे-मागे तर जातंच, शिवाय डावीकडे-उजवीकडेही डुलतं. घोटा खाली सारखा चुळबूळ करतो. नडगीजवळचे स्नायू आणि मी, आम्ही मिळून त्याला पकडून ठेवतो, पण भाराचा मोठा वाटा माझा. तीनदा टाच लागेपर्यंत मी दगडासारखी घट्ट होत असे. मग पाय खाली येई, रोगी कण्हत उठे, कंबर हलवून बघे आणि म्हणे, "उतरली बाप्पा!" आणि वाकून उजव्या पावलाला हळदीकुंकू लावी. कुणी नारळ ठेवी. समुद्रपूरकडच्या एका बाईनं तर उजव्या पायाच्या बोटात चांदीचं जोडवं घातलं, नवंकोरं. डाव्याचं जोडवं लग्नातलंच राहिलं, झिजून पातळ झालेलं.

उसण खरंच उतरत होती का, हे मला विचारू नका. ते माझ्या अखत्यारीत नाही. पण बाई पडली नाही, हे माझ्या अखत्यारीत होतं आणि ती एकदाही पडली नव्हती. माझ्या वाट्याला काय आलं? डास. संध्याकाळी चुलीपाशी बसलं की पहिला डास मलाच चावायचा.

तरीही मी कुरकुरत का होईना, काम करत राहिले. मग ते वर्ष आलं, आणीबाणी उठली त्याच्या पुढचं. होळी तोंडावर होती. देवकाबाई वाडीत भेंडीला पाणी देत होत्या आणि दुपारीच आभाळ भरून आलं. गडगडाट सुरू झाला. आता पायाळू माणसाची दुसरी गोष्ट सांगायची राहिली. पायाळूवर वीज पडते असं लोक म्हणतात. देवकाबाई लहानपणापासून हे ऐकत आल्या होत्या, त्यामुळे वीज कडाडली की त्या घरात पाय पोत्याखाली झाकून बसत. त्या दिवशी त्या उघड्या वाडीत होत्या. त्या धावत सुटल्या. खाली न बघता बांधावरून उडी मारली आणि डावा पाय उंदराच्या बिळात गेला.

घोट्याचं हाड मोडलं. वीज कुठे तरी लांब पडली, की पडलीच नाही, कोण जाणे.

त्यांचे यजमान रूपराव यांनी बंडी जुंपली आणि वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं. दीड महिना मी त्या पांढऱ्या भिंतीत बंद होते. मित्रांनो, स्नायूला बंद ठेवलं की तो वाळतो. कामावर माझा राग होता, पण काम नसणं किती वाईट ते मला तिथे कळलं. ओढायला काही नाही, सोडायला काही नाही. वर निरोप पाठवायला काही नाही. मी दिवसेंदिवस बारीक होत गेले आणि आखडले. प्लास्टर कापलं तेव्हा मी साल काढलेल्या काडीसारखी दिसत होते. डॉक्टरांनी रूपरावांना बजावून सांगितलं, "हाड जुळलं आहे. आता यांना बसवून ठेवू नका. चालू द्या. भिंत धरून टाचा उचलायच्या, पुन्हा टेकवायच्या. सकाळ-संध्याकाळ." मला आनंदानं उडी मारावीशी वाटली. मारता येत नव्हती, म्हणून तर तो सल्ला.

घरी आल्यावर रूपराव काय म्हणाले? "डॉक्टरले काय होते सांगाले? मोडल्या पायानं टाचा उचलाले लावते! अवं, तू बसून राह्यजो. मी हाओ न." माणूस प्रेमळ हो, अगदी प्रेमळ. स्वतः पाणी भरायचे, स्वतः भाकरीचं पीठ मळायचे. पण त्या प्रेमानं माझा जीव घेतला. देवकाबाई खाटेवर बसल्या. मी खाटेच्या कडेवर दबून राहिले. घरातल्या घरात त्या चालत, पण भिंत धरून, रूपरावांचा खांदा धरून. सगळे म्हणू लागले, बाई बऱ्या झाल्या. मी ओरडून सांगत होते की नाही, अजून नाही. पण माझे निरोप वर उशिरा पोहोचत होते आणि पोहोचले तरी डोक्याला ते कळत नव्हते.

पेरणी लागली आणि वासुदेवराव आले. गावातले वयस्कर, भारदस्त गृहस्थ, दोन जणांनी धरून आणलेले. तिफणीवर वाकताना त्यांना उसण भरली होती.

"देवकाबाई, पाय लावून दे. जीव चाल्ला माया."

रूपराव म्हणाले, "काका, तिचा पाय मोडला होता न."

"मोडला तं डावा. मले उजवा पायजे," वासुदेवराव पालथे पडता पडता म्हणाले.

ऐकलंत? "मले उजवा पायजे." मला त्या म्हाताऱ्याची मान पिरगाळावीशी वाटली, पण मी कुठे पोहोचणार? देवकाबाईंना मात्र ते पटलं. इतक्या दिवसांनी कुणी तरी त्यांच्या दारात आलं होतं. त्यांचा चेहरा उजळला. पदर खोचून त्या उगवतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, भिंतीवरचा हात काढला आणि उजवा पाय उचलला.

मी प्रयत्न केला, देवाशपथ केला. दोर ओढला तर दोरच आखडलेला. अंग पुढे गेलं, ते मला कळेपर्यंत फार पुढे गेलं होतं. मी थरथरले आणि सुटले. देवकाबाई दाणकन वासुदेवरावांच्या पाठीवर कोसळल्या.

म्हाताऱ्यानं जी बोंब ठोकली ती कालव्यापलीकडे ऐकू गेली असेल. लोक जमले. देवकाबाईंना उचललं, वासुदेवरावांना उचललं. त्यांच्या उसणीचं काय झालं याचा कुणाला पत्ता नव्हता, कारण आता त्यांची बरगडी दुखत होती. जाताना ते म्हणाले, "पायातलं देवपण गेलं हो हिच्या. मोडल्यावर पाय बाटला." तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांनी माना हलवल्या. देवकाबाई खाली मान घालून ओसरीवर बसल्या आणि बसल्याच.

त्यानंतर अंगणात कुणी आलं नाही. उसण भरली तर लोक थेट देवळीला दुसऱ्या एका पायाळूकडे जाऊ लागले. देवकाबाई आता घरातल्या घरातही उठेनात. उंबरठा ओलांडायचा म्हटलं की दोन्ही हातांनी चौकट धरत. "माया पायात काई राह्यलं नाई," एवढंच म्हणत. जिच्या दारात गाव येत असे ती बाई स्वतःच्या दारात उभी राहायला घाबरू लागली. मला त्या पडण्यापेक्षा हे जास्त लागलं.

आणि मग घरात उपचार सुरू झाले. कुणावर? उजव्या पायावर! रूपरावांनी तिळाच्या तेलात लसूण, ओवा घालून ते तापवलं आणि रोज संध्याकाळी उजवं पाऊल चोळू लागले. उजव्या घोट्याला काळा धागा बांधला. धुरपता नावाची शेजारीण, जीभ सैल पण मनानं बरी, ती कुठून तरी अंगारा घेऊन आली आणि तोही उजव्या अंगठ्याला लावला. उजवं पाऊल आधीच ठणठणीत होतं, ते आता तुकतुकीत झालं. तेलाचा वास खाटभर पसरे आणि थेंबही माझ्याकडे येत नसे. दोन वितींवर मी वाळत पडले होते. अहो, बाई पडली कशामुळे, ते तरी बघा! ज्या पायावर उभी होती तो पाय कोणता? इतका साधा प्रश्न पूर्ण गावात एकाला पडला नाही. डॉक्टरांचे शब्द घरातच लटकत होते, पण तेही कुणाला आठवले नाहीत.

असा श्रावण गेला. भाद्रपदात वाडीतल्या मांडवावर दोडके लदबदले. त्या दिवशी सेलूचा बाजार होता. रूपराव भाजी घेऊन गेले आणि जाताना देवकाबाईंना मांडवाखाली पोत्यावर बसवून गेले. "बसल्या बसल्या सांभाराच्या जुड्या बांधजो. उठू नको."

धुरपताही तिथेच तण उपटत होती. ती वर बघून म्हणाली, "बाई, हे दोडके पाह्य. उद्यापर्यंत नुसत्या जाळ्या होतीन यायच्या. तुमच्या मालकाले वर दिसतच नाई काई."

"तू तोड न मंग."

"माया हात नाई पुरत, बाई. तुमी उंच हा."

देवकाबाईंनी वर बघितलं. दोडके खरंच जून होत चालले होते. भाजीवाल्या बाईला डोळ्यांदेखत माल वाया जाताना बघवत नाही. त्यांनी मांडवाची बल्ली धरली आणि उठल्या. एक हात बल्लीला, दुसरा वर. हात पुरेना. मग त्यांनी टाचा उचलल्या.

मित्रांनो, टाचा उचलणं म्हणजे काय, तर मी पूर्ण जोरानं दोर वर ओढणं. कित्येक महिन्यांत माझ्याकडे कुणी हे मागितलं नव्हतं. मी इतकी कापले की मांडवाची पानं हलली. आग आग झाली. पण दोडका तुटला. त्यांनी टाचा टेकवल्या, श्वास घेतला, पुन्हा उचलल्या. दुसरा दोडका. थोड्या वेळानं माझ्यात असा गोळा आला की देवकाबाई मटकन खाली बसल्या आणि त्यांनी दुखतं तिथे हात नेला. माझ्यावर! त्या चोळत राहिल्या, मग थांबल्या. दुसरा हात त्यांनी उजव्या पोटरीवर ठेवला. पुन्हा डावीवर. पुन्हा उजवीवर.

"धुरपता, इकडे ये. हे पाह्य."

"काय झालं?"

"ही पाह्य अन् ही पाह्य. हे तं अर्धी बी नाई राह्यली."

धुरपतानं लुगडं जरा वर सारून बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. "अगं माय! वाळून गेली न ही. अन् तुमचे मालक तेल कुठी लावून राह्यले?"

देवकाबाई हसल्या नाहीत. त्यांनी हात पुन्हा माझ्यावर ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "त्या दिवशी मी हिच्यावर उभी होती." इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी ते म्हटलं. मला रडू आलं असतं, पण माझ्यात फक्त गोळा येतो आणि तो आधीच आलेला होता.

त्या दिवसानंतर मांडवाखाली रोज दोडके तोडणं सुरू झालं. दोडके संपले तरी टाचा वर-खाली चालूच. रूपराव बाजारात किंवा पाण्यावर गेले की हे चाले, कारण त्यांनी बघितलं असतं तर खाट आडवी घातली असती. आधी दोन्ही हात बल्लीला, मग एक हात, मग नुसती बोटं. मग एका सकाळी बोटंही सुटली. मी रोज दुखत होते आणि रोज थोडी भरत होते. पण खरं सांगू, यातही माझी चिडचिड होतीच. भरायला हप्ते लागतात आणि वाळायला काही लागत नाही. एवढं सांभाळून केलेलं काम बिळातल्या एका पावलानं मातीत जातं आणि पुन्हा पहिल्यापासून. तुम्हाला नाही का राग येत असा?

दिवाळी जवळ आली. वांगी जोरात होती. पहाट उजळत असताना रूपराव वांग्यांचं पोतं बंडीत चढवत होते आणि मध्येच त्यांच्या तोंडून "आई गं" निघालं. पोतं खाली, रूपराव त्याच्यावर वाकडे. उसण भरली होती. ते रांगत अंगणात आले आणि आडवे झाले.

"धुरपताच्या मालकाले सांग, मले देवळीले घेऊन चाल म्हणा," ते कण्हत म्हणाले.

देवकाबाई दारात आल्या होत्या. चौकट धरलेली होती. त्या म्हणाल्या, "देवळीले काऊन? पालथे व्हा."

"अवं, नाई. पडशीन तू. मले काई नाई, तुयंच हाड पुन्हा मोडन."

"पालथे व्हा म्हणते न मी."

धुरपता कुंपणापाशी येऊन उभी राहिली. आणखी दोघी-तिघी थबकल्या. मला माहीत होतं, आज पडलो तर ही बाई पुन्हा कधी चौकट सोडणार नाही. देवकाबाईंनी ते कुणाला सांगितलं नव्हतं, पण ज्या तऱ्हेनं त्यांनी पाऊल रोवलं त्यावरून मला कळलं. त्यांनी चौकट सोडली. अंगणात आल्या, उगवतीकडे तोंड केलं. उजवा पाय उचलला.

सगळा भार माझ्यावर आला. अंग पुढे निघालं, मी ओढलं. जरा जास्तच ओढलं, अंग मागे गेलं, मी सोडलं. घोटा बाहेरच्या अंगाला वळू लागला, नडगीजवळच्यांनी त्याला धरलं. ओढ, सोड. वर निरोप वेळेवर जात होते, खाली हुकूम वेळेवर येत होते. पहिल्यांदा टाच लागली. रूपरावांनी श्वास रोखून धरला होता, उसणीमुळे की भीतीमुळे कोण जाणे. दुसऱ्यांदा टाच लागली आणि कुठून तरी कुत्रं भुंकलं, देवकाबाई दचकल्या, अंग एकदम डावीकडे झुकलं. धुरपताच्या तोंडून किंकाळी निघाली. मी आयुष्यात कधी ओढलं नव्हतं तेवढं ओढलं. अंग थांबलं. हळूहळू जागेवर आलं. तिसऱ्यांदा टाच लागली आणि पाय जमिनीवर आला.

 मग रूपराव उठून बसले. कंबर हलवून बघायचं ते विसरलेच. बायकोकडे बघत राहिले आणि म्हणाले, "उभी राह्यली तू."

"उसण उतरली का?"

"थे जाऊ दे. तू उभी राह्यली." त्यांचे डोळे भरले. गडबडीनं त्यांनी धुरपताकडून हळदीकुंकवाचा करंडा मागून घेतला आणि रीतीप्रमाणे वाकले ते थेट उजव्या पावलाकडे.

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या मनात काय काय आलं ते इथे लिहिता येणार नाही.

पण देवकाबाईंनी उजवा पाय मागे घेतला. "त्याले नका लाऊ. ज्याच्यावर उभी होती त्याले लावा."

रूपराव गोंधळले. डाव्या पावलाकडे हात नेला.

"पाऊल नाई. वर. अजून वर, मागून."

"पोटरीले कुंकू?" धुरपता फिसकन हसली. "बाप्पा, असं कुठी असते का?"

"असते," देवकाबाई म्हणाल्या. आणि रूपरावांना वाकायला त्रास होऊ नये म्हणून त्यांनी डावा पाय उचलून मागे केला. रूपरावांनी अंगठ्यानं माझ्यावर हळद ओढली, वर कुंकू लावलं आणि मग तळवा तसाच माझ्यावर ठेवून राहिले. त्यांच्याही लक्षात आलं असावं, मी किती बारीक होते आणि किती गरम झाले होते. "मी तेल उजव्याले लावून राह्यलो होतो," ते पुटपुटले.

एवढ्या वर्षांनी मान मिळाला. मी समाधानानं डोळे मिटायला हवे होते. पण नीट बघा, मित्रांनो, त्या वेळी मी कुठे होते? हवेत! डावा पाय उचललेला, मी मोकळी लोंबत होते, काडीचंही काम करत नव्हते. देवकाबाई तेव्हाही एका पायावरच उभ्या होत्या, आधाराशिवाय, आणि त्यांना खाली कुणी धरून ठेवलं होतं? उजव्या पोटरीनं. ती तिथे ओढत होती, सोडत होती, ओढत होती. तिच्या पावलाला आजवर इतकं कुंकू लागलं, पण तिच्याकडे कुणी वळून बघितलं नाही आणि आता सगळे माझ्याकडे बघत होते. म्हणजे रीत बदलली तरी घोळ तोच. कुंकू लागतं ते उचललेल्या पायाला. जो खाली असतो त्याला हात खाली करून कोणी लावतच नाही, कारण तो कामात असतो.

तुम्ही अजून उभे आहात ना? पहिल्या ओळीपासून उभे आहात. "काहीच करत नाही" म्हणाला होता. आता बसायला हरकत नाही, पण बसण्यापूर्वी भिंत धरून टाचा काही वेळा उचला आणि टेकवा. मग खाली वाका आणि हात मागे नेऊन दोन्ही पोटऱ्यांवर ठेवा, दोन्हींवर. गरम लागतील. त्या तुमच्याशी बोलणार नाहीत, एवढी मीच जरा तोंडाळ आहे.